राजाबाईचा लेक

राजाबाई ही कुठल्या तरी संस्थानाची राणी असावी, असं आपल्याकडे बऱ्याच जणींना वाटतं. मुंबईची सहल निघाली की ओव्हल मैदानासमोरचा तो उंच मनोरा गाडीतूनच दाखवतात, त्याला राजाबाई टॉवर म्हणतात एवढं सांगतात आणि गाडी पुढे जाते. राणी, नाहीतर मोठी समाजसेविका, असं काहीतरी मनात धरून आपण परत येतो. प्रत्यक्षात ही बाई ना राणी होती, ना कुणी पुढारी. सुरतेच्या एका जैन व्यापाऱ्याची ती बायको, आणि प्रेमचंद रायचंद नावाच्या माणसाची आई. तिचं नाव दगडात कोरलं गेलं ते लेकामुळे.

या लेकाची गोष्ट आज सांगायची आहे. ती मुंबईची आणि शेअर बाजाराची तर आहेच, पण थोडी आपल्या बारामती-इंदापूरचीही आहे. कशी ते पुढे येईलच.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ चा, सुरतेचा. वडील रायचंद दीपचंद. सुरतेचे तेव्हा वाईट दिवस आलेले, बंदराचा धंदा मुंबईकडे सरकलेला. त्या धंद्यामागे अनेक गुजराती कुटुंबं मुंबईला आली, त्यांतलंच हे एक. मुलगा मुंबईत शिकला, आणि मुख्य म्हणजे इंग्रजी शिकला. आज हे वाचताना काही विशेष वाटणार नाही, पण १८५० च्या आसपास देशी दलालांमध्ये इंग्रजी बोलता-लिहिता येणारा माणूस शोधून सापडत नव्हता. रतनचंद लाला नावाच्या दलालाकडे प्रेमचंद मदतनीस म्हणून लागले. लालांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे बँकांच्या साहेबांशी बोलायचं काम या पोराकडे आलं. वीस-बावीस वर्षांचा तरुण, डोक्याला पागोटं, अंगात साधा अंगरखा, आणि सगळे सौदे तोंडपाठ. कागदावर टिपून न घेता दिवसभराचे व्यवहार डोक्यात ठेवायची त्यांची ख्याती होती. काही वर्षांतच लालांचा मदतनीस हा मुंबईतला पहिल्या नंबरचा दलाल झाला.

मग १८६१ साली सातासमुद्रापार अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेच्या राज्यांनी दक्षिणेची बंदरं अडवली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस बंद झाला. साहेबाला कापूस हवाच होता, आणि तो जिथून मिळेल अशी मोठी जागा एकच, ती म्हणजे हिंदुस्थान. मुंबईच्या गोद्यांवर कापसाच्या गाठींचे डोंगर लागले. भाव असे चढले की लोकांनी घरातल्या गाद्या-उश्या उसवून आतला कापूस विकला, असं त्या काळचे लोक लिहून गेले आहेत. घरची बाई गादी उसवताना काय म्हणाली असेल ते मात्र कुणी लिहिलेलं नाही! चार-पाच वर्षांत मुंबईत नेहमीच्या कमाईपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जादा आले, असा हिशेब पुढे मांडला गेला. एवढा पैसा ठेवायचा कुठे? लोकांनी तो शेअरमध्ये घातला. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. बॅक बेचा समुद्र भरून जमीन करायची म्हणून एक कंपनी निघाली. तिचा पाच हजार रुपयांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती, ही गोष्ट वेगळी.

या सगळ्याच्या मधोमध प्रेमचंद होते. कुणाला शेअर मिळायचे आणि कुणाला नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरे. भायखळ्याच्या त्यांच्या बंगल्यावर सकाळपासून रांग लागे. त्या रांगेत साहेबसुद्धा असत. बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी भांडवल असलेली बँकही त्यांच्या सांगण्यावरून कर्जं देत होती. वय तेहतीस-चौतीस. आपल्याकडे या वयाच्या माणसाला अजून घरातले मोठे सल्ले देत असतात.

पैसा आला तसा त्यांनी तो सोडलाही, हे मान्य करावं लागेल. धर्मशाळा, विहिरी, दवाखाने, देवळं ही त्या काळच्या श्रीमंताची ठरलेली यादी होती. प्रेमचंदांनी त्यात शाळा घातल्या, आणि मुलींच्या शाळा घातल्या. सुरतेत वडिलांच्या नावाने मुलींची शाळा. मुंबईत फोर्टमधल्या एका मिशनरी बाईंच्या मुलींच्या शाळेला मोठी देणगी. ती पुढे फ्रीअर फ्लेचर शाळा झाली आणि आज जे. बी. पेटिट मुलींची शाळा म्हणून ओळखली जाते. कलकत्ता विद्यापीठाला त्यांनी दोन लाख दिले. त्यातून सुरू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती बंगालमधल्या हुशार मुलांचा कस पाहणारी ठरली. शिवचरित्र लिहिणारे जदुनाथ सरकार याच शिष्यवृत्तीचे मानकरी. म्हणजे महाराजांवरच्या एका गाजलेल्या इंग्रजी ग्रंथाच्या लेखकाला सुरतेच्या जैन व्यापाऱ्याचा पैसा कामी आला. सुरतेशी महाराजांचं नातं काय होतं ते आठवलं तर हसू येतं.

आणि मग मुंबई विद्यापीठ. १८५७ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. २७ ऑगस्ट १८६४ ला प्रेमचंदांनी सरकारला पत्र लिहून ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये देऊ केले. दीड महिनाही झाला नाही तोवर, ६ ऑक्टोबरला, दुसरं पत्र. आणखी दोन लाख, त्यातून ग्रंथालयाला जोडून एक मनोरा बांधावा, त्यात मोठं घड्याळ आणि घंटा बसवाव्यात आणि त्याला आपल्या आईचं, राजाबाईचं नाव द्यावं. एवढीच अट. स्वतःच्या नावाचा आग्रह नाही. शेजारच्या पदवीदान सभागृहासाठी पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी एक लाख दिले होते. तिथे देणगीदाराचंच नाव लागलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. पण आईचं नाव मागणारा हा देणगीदार जरा वेगळाच म्हणायचा.

दोन्ही इमारतींचे नकाशे आले थेट लंडनहून, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्याकडून. स्कॉटसाहेब हिंदुस्थानात एकदाही आले नाहीत. त्यांनी आयुष्यभर केलं ते मुख्यतः चर्चचं काम. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजचं चॅपेल त्यांनी बांधलं, ते १८५९ ला पुरं झालं. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजचं चॅपेल १८६९ ला. विलायतेत कॉलेज म्हटलं की त्यात चॅपेल असायचंच. मुलं सकाळी प्रार्थनेला जमायची, आणि वरच्या उंच खिडक्यांतल्या रंगीत काचांमधून येशूची आणि संतांची चित्रं उजळायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही बायबल कळावं म्हणून युरोपात शेकडो वर्षं ही चित्रं काचेत उतरवत. ज्या वर्षी सेंट जॉन्सचं चॅपेल खुलं झालं, त्याच वर्षी, १ मार्च १८६९ ला, मुंबईत राजाबाई टॉवरची कोनशिला बसली.

पण मुंबई विद्यापीठात हिंदू, पारशी, मुसलमान, जैन, ख्रिस्ती सगळेच शिकणार. सरकारी धोरण धर्माच्या बाबतीत तटस्थ राहायचं. तेव्हा इथे चॅपेल बांधता येईना. स्कॉटसाहेबांच्या हाताला मात्र चर्चचंच वळण! म्हणून झालं असं की विद्यापीठाला चॅपेल नाही, पण त्याचं सभागृह आणि ग्रंथालय बघितलं की चर्चमध्ये आल्यासारखं वाटतं. टोकदार कमानी, उंच छत, गोल जिने आणि रंगीत काचांची तावदानं. फक्त काचांमध्ये संत नाहीत. ग्रंथालयाच्या खिडक्यांत रंगीत नक्षी आहे. पदवीदान सभागृहात वीस फूट व्यासाची जी गोल खिडकी आहे तिच्यात बारा राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन करत मीनेपर्यंत. इंग्रजांच्या देवळात राशीचक्र नवं नव्हतं, पण मला वाटतं आपल्या लोकांना ती खिडकी जास्त जवळची वाटली असणार. संत कुठला ते ओळखता आलं नसतं. पण पंचांग बघणाऱ्या कुठल्याही आजीने त्या खिडकीसमोर उभं राहून आपल्या नातवाची रास बोट दाखवून सांगितली असती.

ही रंगीत तावदानं होतात कशी, ते थोडं सांगितलं पाहिजे, कारण बरेच जण समजतात की साध्या काचेवर रंग फासलेला असतो. तसं नसतं. रंग काचेच्या पोटातच असतो. काच भट्टीत वितळलेली असतानाच तिच्यात धातूंची भस्मं मिसळतात. कोबाल्टने निळी, मँगेनीजने जांभळी, तांब्याने हिरवी किंवा लाल, आणि सोन्याचा अंश घातला तर गुलाबी-लाल. चांदीचा लेप देऊन भट्टीत भाजली की पिवळी छटा चढते. मग मोठ्या कागदावर काढलेल्या आराखड्याप्रमाणे काचेचे तुकडे कापायचे. चेहरा, पानांच्या शिरा, घड्या असे बारीक तपशील काळपट रंगाने रंगवून पुन्हा भाजायचे, म्हणजे ते पुसले जात नाहीत. शेवटी शिशाच्या खाचवाल्या पट्ट्यांमध्ये एकेक तुकडा बसवत जायचं आणि सांधे डाक देऊन पक्के करायचे. गोधडीच म्हणा ना! ठिगळं काचेची, दोरा शिशाचा. गोधडी जशी वर्षानुवर्षं वापरून टाक्यांत सैल होते तशी ही तावदानंही होतात. शिसं मऊ असतं, स्वतःच्या वजनाने ते खचतं, पोट काढतं. मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्यात भर घालतो.

आता गोष्टीचा वाईट भाग.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली. दक्षिणेच्या सेनापतीने शरणागती पत्करली, ही बातमी मुंबईला पोचायला काही आठवडे लागले. पण पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. पुढच्या तारखांचे सौदे करून ठेवलेले, त्यांची फेड १ जुलै १८६५ ला करायची होती. त्या दिवशी फेडायला कुणाकडेच काही नव्हतं. एकाचं देणं दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर, पत्त्यांचा बंगलाच तो. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बॅक बेचा पन्नास हजारांचा शेअर रद्दीत गेला. प्रेमचंदही बुडाले. बँक ऑफ बॉम्बे १८६८ ला बंद पडली, सरकारने चौकशी समिती नेमली, आणि बँकेचा पैसा कसा वाटला गेला याच्या तपशिलात प्रेमचंदांचं नाव जागोजाग आलं. कालपर्यंत ज्यांच्या दारात रांग होती त्यांच्याच नावाने आता शिव्या. त्यात किती विधवांच्या ठेवी गेल्या, किती घरांचे दागिने सावकाराकडे गेले, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. प्रेमचंदांचे गुण सांगायचे तर हेही सांगायलाच हवं. दानशूर म्हणून आज त्यांना हार घालणारे बरेचदा हा भाग गाळतात. तो गाळला की माणूस निम्माच उरतो.

विद्यापीठाची देणगी १८६४ ची. बुडण्याच्या आधी दिली म्हणून ती टिकली. काही महिने उशीर झाला असता तर ना मनोरा असता, ना तावदानं, ना राजाबाईचं नाव कुणाला माहीत असतं.

आता आपल्या भागाकडे येऊ. कापसाची ही लाट फक्त मुंबईत आली असं नाही. पुणे ते दिकसळ रेल्वे १८५८ च्या अखेरीस सुरू झाली होती. दिकसळ म्हणजे आपल्या इंदापूर तालुक्यातलं, भिगवणजवळचं. रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळत होती, आणि लढाईच्या वर्षांत कापसाबरोबर ज्वारी-बाजरीचेही भाव चढले. शेतकऱ्याच्या हातात पैसा खेळू लागला तसा सावकारही उदार झाला. मागेल त्याला कर्ज. बैलजोडी घ्या, विहीर खणा, लेकीचं लग्न थाटात करा, फेडाल सावकाश. मुंबईची पेढी गावच्या सावकाराला पैसा देत होती आणि गावचा सावकार कुणब्याला. साखळी एकच होती. १८६५ नंतर मुंबईत ती तुटली आणि तिचा हिसका शेवटच्या कडीला बसला.

त्यात सरकारने वेळ साधली. इंदापूर तालुका जमीन महसुलाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, हे आपल्यापैकी कितीजणींना माहीत आहे? १८३० च्या आधीची प्रिंगलसाहेबाची मोजणी इतकी जबर होती की गावं ओस पडली. म्हणून गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५-३६ मध्ये इंदापूरपासून नव्या पद्धतीने पाहणी सुरू केली आणि तीस वर्षांसाठी सारा ठरवला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सगळीकडे गेली. तीस वर्षं संपली ती नेमकी १८६६ च्या सुमारास. नवा सारा ठरवताना अधिकाऱ्यांनी बघितले ते तेजीचे भाव. सारा भरमसाठ वाढवला, आणि तो वसूल करायची वेळ आली तेव्हा तेजी संपलेली. त्यातच पावसाने दगा दिला. भाव पडलेले, सारा वाढलेला आणि सावकार दारात.

सावकाराच्या चोपडीत बाईचं नाव नसायचं. पण गहाण पडण्याचा क्रम ठरलेला असे. आधी तिच्या अंगावरचं, मग बैल, मग रान. खत लिहिताना अंगठा पुरुषाचा, पण पाटल्या आणि वाक्या तिच्या. चांगल्या दिवसांत केलेले हे दोन डाग वाईट दिवसांत सगळ्यात आधी जात.

१२ मे १८७५. सुप्याचा बाजार. आपलं बारामती तालुक्यातलं सुपे, तेव्हा ते भीमथडी तालुक्यात होतं. बाजाराला आलेल्या आसपासच्या गावच्या लोकांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला केला. मागणी एकच, खतं आणि चोपड्या द्या. मिळाल्या त्या भर रस्त्यात जाळल्या. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण भीमथडी, इंदापूर, शिरूर, हवेली असं पसरलं आणि नगर जिल्ह्यातही गेलं. जीव घेण्यावर जमाव नव्हता, कागदावर होता. ज्याने कागद मुकाट्याने दिले त्याच्या केसालाही धक्का लागला नाही, अशी कितीतरी उदाहरणं सरकारी अहवालात आहेत. ९५१ जणांना पकडलं, त्यांतल्या ५०१ जणांना शिक्षा झाल्या. चौकशी आयोग बसला, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारी जाचातून सोडवण्यासाठी खास कायदा आला. कर्जासाठी कुणब्याला तुरुंगात टाकणं त्याने बंद झालं, आणि खतामागचा खरा व्यवहार काय होता ते तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. नीरेचा डावा कालवा १८८५ ला आला, नंतर ऊस आला, आणि आपल्याकडच्या लोकांनी सुप्याची आठवण बऱ्यापैकी बुजवून टाकली.

योगायोग बघा. सुप्यात मे महिन्यात चोपड्या जळल्या, आणि त्याच १८७५ सालच्या जुलैत मुंबईत दलालांनी एकत्र येऊन आपली संघटना रीतसर उभी केली. आजच्या मुंबई शेअर बाजाराचा हा आरंभ. तिच्या संस्थापकांमध्ये प्रेमचंद रायचंद हे नाव मानाने घेतलं जातं. म्हणजे दहा वर्षांत ते पुन्हा उभे राहिले होते.

ते कसे उभे राहिले हा भाग मला त्यांच्या श्रीमंतीपेक्षा जास्त आवडतो. बुडालेले काही जण देशोधडीला लागले, काहींनी तोंड लपवलं. प्रेमचंद मुंबईतच राहिले. जवळ होतं ते देणेकऱ्यांपुढे ठेवलं, राहणी आखडली आणि पुन्हा दलाली सुरू केली, पहिल्यापासून. पूर्वीचा झगमगाट परत कधी आला नाही, त्यांनी तो आणूही दिला नाही. बाजारात कुणाचं भांडण झालं की लोक त्यांच्याकडे निवाड्याला येऊ लागले. एकदा ज्याने सगळं गाव बुडताना पाहिलं, त्याचा सल्ला बहुधा लोकांना जास्त खरा वाटत असावा.

मनोरा पुरा व्हायला १८७८ चा नोव्हेंबर उजाडला. ग्रंथालयासह खर्च साडेपाच लाखांच्या घरात गेला. उंची २८० फूट. कुर्ल्याचा पिवळसर दगड. वरच्या अंगाला पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे चोवीस पुतळे बसवले, ते घडवण्यामागे मुकुंद रामचंद्र हे आपल्याकडचे इंजिनीअर होते. घंटा सुरुवातीला सोळा सूर वाजवत, दिवसातून चार वेळा ते बदलत.

राजाबाईची गोष्ट सगळे गाइड सांगतात ती अशी. ती आंधळी होती आणि धर्माने कडक. जैनांचा चौविहार पाळणारी, म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न-पाणी नाही. दिसत नसल्यामुळे तिला वेळ कळेना, कुणाला तरी विचारावं लागे. घंटा ऐकून आईला कुणावर अवलंबून न राहता वेळेत जेवता यावं म्हणून लेकाने मनोरा बांधला. गोष्ट गोड आहे. भायखळा ते फोर्ट हे चार-पाच किलोमीटरचं अंतर मोजणारी सून तिच्यात बसत नाही एवढंच! घरात एक ठोक्यांचं घड्याळ आणलं असतं तरी काम भागलं असतं. पण ज्या बाईबद्दल कागदावर जवळजवळ काहीच उरलं नाही, तिच्याबद्दल लोकांनी मनोऱ्याच्या आकाराची आठवण तयार केली. तिला कुणाला विचारावं लागू नये, ही त्या गोष्टीतली इच्छा मात्र खरी बाईची आहे.

आईच्या नावाच्या त्या वास्तूत बायकांना प्रवेश कधी मिळाला? मुंबई विद्यापीठाने परीक्षांची दारं स्त्रियांना उघडली ती १८८३ मध्ये, मनोरा पुरा झाल्यावर पाच वर्षांनी. नाशिकला जन्मलेली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मुलांच्या गर्दीत एकटी शिकलेली कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाची पहिली पदवीधर स्त्री. १८८७ मध्ये तिने शेवटची परीक्षा पहिल्या वर्गात दिली. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती तिच्या हक्काची होती, पण ती बाई म्हणून नाकारली. पुढे ती ऑक्सफर्डला गेली आणि कायदा शिकली, ती गोष्ट स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे.

आणि एक काळा दिवस. २५ एप्रिल १८९१. बच्चूबाई आणि पिरोजबाई या दोन पारशी तरुण मुली टॉवरवर गेल्या आणि वरून खाली पडून मेल्या. बच्चूबाई म्हणजे पुढे कुलुपांचा कारखाना काढणाऱ्या अर्देशिर गोदरेज यांची पत्नी, लग्नाला फार दिवस झाले नव्हते. कुणी अत्याचाराचा प्रयत्न केला म्हणून अब्रू वाचवायला त्यांनी उड्या घेतल्या, की त्यांना ढकललं, यावर सगळी मुंबई भांडली. एकावर खटला झाला, तो सुटला. अर्देशिर यांनी पुन्हा लग्न केलं नाही. प्रेमचंद तेव्हा साठीला टेकले होते. आईच्या नावाचा मनोरा वर्तमानपत्रांत रोज या कारणाने छापून येताना त्यांनी पाहिला असणार. नंतरही तिथून काही जणांनी जीव दिले, आणि मनोऱ्यावर जायला लोकांना बंदी झाली.

३१ ऑगस्ट १९०६ ला प्रेमचंद गेले. पंचाहत्तर वर्षांचं आयुष्य, त्यातली खऱ्या श्रीमंतीची जेमतेम पाच. बाकी सगळी आधी चढण्याची आणि नंतर फेडण्याची.

तावदानांचं पुढे काय झालं तेही सांगते. शंभरावर पावसाळे खाल्ल्यावर शिसं सैल झालं, काचा तडकल्या, काही ठिकाणी साधे तुकडे ठोकून वेळ मारून नेलेली. मग २०१३ ते २०१५ या काळात ग्रंथालय आणि टॉवरची नीट डागडुजी झाली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पैसा दिला, इंडियन हेरिटेज सोसायटीने काम हाती घेतलं. आणि आपल्या पुरवणीत आवर्जून सांगावं असं म्हणजे, वास्तूच्या जतनाचं काम वास्तुविशारद ब्रिंदा सोमय्या यांच्याकडे होतं, आणि काचांचं स्वाती चांदगडकर यांच्याकडे. दोघीही बायका. चांदगडकरांनी पदवीदान सभागृहाच्या काचांवरही काम केलेलं आहे. अशा कामात तावदान जागेवरून उतरवायचं, प्रत्येक तुकड्याची नोंद करायची, दीडशे वर्षांची काजळी आणि शेवाळ हलक्या हाताने काढायचं, तडकलेला तुकडा शक्यतो न टाकता सांधायचा, आणि नाहीच जमलं तर त्याच छटेची काच शोधून बसवायची. नंतर नवं शिसं घालून सगळं पुन्हा होतं तिथे. घाई चालत नाही. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतल्या ज्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत विद्यापीठाच्या या दोन्ही वास्तू आहेत.

प्रेमचंदांचा भायखळ्याचा बंगला, ज्याच्या दारात शेअर मागणाऱ्यांची रांग लागायची तो, पुढे ख्रिस्ती जोगिणींकडे गेला. तिथे मुलींची शाळा भरू लागली.